दुपारनंतर कार्स सिग्नल का घटतो? वारंवार उद्भवणारा दोष आणि त्याचे निवारण

सकाळी दहाच्या सुमारास सर्व किरण जुळवावेत, खोलीतल्या साध्या हवेतील नायट्रोजनचा भक्कम सिग्नल मिळावा आणि दुपारी अडीचच्या आसपास तोच सिग्नल तिसऱ्या हिश्शावर येऊन ठेपावा, हा अनुभव कोहेरंट ॲन्टी-स्टोक्स रामन स्कॅटरिंग, म्हणजे लेझर किरणांच्या मिश्रणातून वायूचे तापमान मोजण्याच्या कार्स पद्धतीवर काम करणाऱ्या बहुतेकांना कधी ना कधी येतो. अशा वेळी हात सवयीने सर्वांत जवळच्या आरशाच्या स्क्रूकडे जातो, तो जरासा फिरवला की सिग्नल वाढतो आणि त्या दिवसाचे मापन पार पडते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रकार घडतो. आठ-दहा दिवस असे चालले की एकही किरण लेन्समधील आपल्या मूळ जागेवरून जात नाही आणि मग सिग्नल कशामुळे घटला हे सांगणे कोणालाच शक्य राहत नाही. माझ्या मते मूळ दोषापेक्षा ही तेवढ्यापुरती दुरुस्तीच अधिक नुकसान करते, म्हणून पुढील सर्व विवेचनात स्क्रूला हात लावण्याची वेळ बरीच उशिरा येते.

येथे गृहीत धरलेली मांडणी अशी आहे. निओडिमियम-याग लेझरचा दुप्पट वारंवारतेचा ५३२ नॅनोमीटरचा हिरवा किरण दोन भागांत विभागून दोन पंप किरण, म्हणजे रेणूंना चेतवणारे किरण, मिळवलेले आहेत. त्याच हिरव्या प्रकाशाच्या उरलेल्या हिश्शावर रोडामिन ६४० हा रंग मिथेनॉलमध्ये विरघळवून भरलेला डाय लेझर चालतो आणि त्यातून ६०७ नॅनोमीटरच्या आसपासचा रुंद पट्ट्याचा स्टोक्स किरण, म्हणजे पंपपेक्षा कमी वारंवारतेचा किरण, निघतो. नायट्रोजनच्या कंपनाची तरंगसंख्या सुमारे २३३० प्रति सेंटिमीटर असल्यामुळे दोन पंप आणि एक स्टोक्स यांच्या मिश्रणातून चौथा, ४७३ नॅनोमीटरचा निळा किरण उत्पन्न होतो आणि वर्णपटमापकात जातो. लेझर सेकंदाला १० पल्स देतो आणि प्रत्येक पल्स सुमारे ८ नॅनोसेकंदांची असते. तिन्ही किरण ३०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या एकाच लेन्समधून, घडीच्या बॉक्सकार्स रचनेत, म्हणजे पंप एका प्रतलात आणि स्टोक्स दुसऱ्या प्रतलात ठेवून, कोनात एका बिंदूवर छेदतात. किरण असे कोनात छेदण्याची कल्पना एकब्रेथ यांनी १९७८ मध्ये मांडली. त्याआधी, १९६५ मध्ये फोर्ड कंपनीच्या प्रयोगशाळेत मेकर आणि टेर्‌ह्यून यांनी ही घटना प्रथम नोंदवली होती. किरण एकाच रेषेत ठेवले तर सिग्नल जिथे जिथे ते एकत्र असतात त्या सर्व लांबीवरून, प्रसंगी काचेच्या खिडक्यांमधूनही, येतो. कोनात छेदले तर तो केवळ दोन-तीन मिलिमीटर लांबीच्या भागातून येतो. ज्योतीतील एका ठरावीक जागेचे तापमान हवे असेल तर हा फायदा सोडता येत नाही, मात्र त्याची किंमत म्हणून अलाइनमेंटचे, म्हणजे किरणांच्या जुळणीचे, हे दुखणे पत्करावे लागते.

पहिला प्रश्न असा विचारावा की सिग्नल तयारच होत नाही, की तयार होऊन पोहोचत नाही? या दोन्ही गोष्टी पडद्यावर अगदी सारख्या दिसतात. निळ्या किरणाची दिशा पंप आणि स्टोक्स यांच्या दिशांवरून ठरते, त्यामुळे पंप किरण थोडा जरी कलला तरी सिग्नल त्याच्याबरोबर कलतो आणि वर्णपटमापकाच्या फटीवर पडण्याऐवजी फटीच्या कडेवर पडतो. छेदनबिंदूवर सर्व काही सुरळीत असूनही अशा वेळी आकडा निम्म्यावर येतो. हे तपासण्यासाठी दुसऱ्या लेन्सनंतर ५३२ आणि ६०७ नॅनोमीटर अडवणारा आणि ४७३ नॅनोमीटर जाऊ देणारा फिल्टर ठेवावा आणि त्यामागे फटीविना मोठ्या पृष्ठभागाचा फोटोडायोड अथवा फोटोमल्टिप्लायर लावावा. तेथे सिग्नल सकाळइतकाच असेल तर दोष केवळ सिग्नल वर्णपटमापकाकडे नेणाऱ्या शेवटच्या आरशाच्या जुळणीत आहे आणि पुढचे काहीही करण्याची गरज नाही. निळा ठिपका पांढऱ्या कार्डावर पाहण्याचा मोह अनेकांना होतो, परंतु ५३२ नॅनोमीटरसाठीचे संरक्षक चष्मे बहुधा ४७३ नॅनोमीटरही अडवतात, म्हणून तो ठिपका पाहण्यासाठी चष्मा काढण्याची सवय लागते. ही सवय कोणत्याही परिस्थितीत लावून घेऊ नये. साधा कॅमेरा तेच काम करतो.

फोटोडायोडवरही सिग्नल घटलेला असेल तर पुढची तपासणी ऊर्जेची आहे आणि ती केवळ मापन नव्हे, तर गणितही आहे. सिग्नल पंपच्या तीव्रतेच्या वर्गाच्या आणि स्टोक्सच्या तीव्रतेच्या प्रमाणात असतो. पंप १० टक्क्यांनी घटला तर सिग्नल ८१ टक्क्यांवर येतो आणि त्याबरोबर स्टोक्सही १० टक्क्यांनी घटला तर ७३ टक्क्यांवर. सिग्नल तिसऱ्या हिश्शावर येण्यासाठी तिन्ही किरणांची ऊर्जा सुमारे ३० टक्क्यांनी घटावी लागेल आणि तेवढी घट ऊर्जामापकावर लपून राहणार नाही. थोडक्यात, ऊर्जेचे आकडे सकाळच्या आकड्यांपासून पाच टक्क्यांच्या आत असतील, तर ऊर्जेचा विषय तेथेच संपवावा.

वेळेच्या जुळणीलाही लोक बऱ्याचदा दोष देतात आणि मला तो आरोप बहुतेक वेळा अन्यायाचा वाटतो. पंपच्या पल्सची अर्ध्या उंचीवरील रुंदी ८ आणि स्टोक्सची ६ नॅनोसेकंद धरली तर २ नॅनोसेकंदांच्या फरकाने सिग्नल फक्त १५ टक्क्यांनी घटतो, ४ नॅनोसेकंदांच्या फरकाने मात्र जवळजवळ निम्मा होतो. प्रकाश एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जातो, म्हणजे ४ नॅनोसेकंदांसाठी मार्गाची लांबी १.२ मीटरने बदलली पाहिजे. टेबलावरचा मार्ग जेवणाच्या सुट्टीत १.२ मीटरने लांबत नाही. मांडणी नव्याने उभारली असेल किंवा डाय लेझरची पोकळी बदलली असेल तेव्हा वेळ जरूर तपासावी, कारण डाय लेझरची पल्स त्याच्या पंपपेक्षा थोडी उशिरा निघते. परंतु दररोज दुपारी येणाऱ्या घटीसाठी हे उत्तर नव्हे.

उरतो तो छेदनबिंदू आणि खरे दुखणे तेथेच आहे. छेदनबिंदूवर प्रत्येक किरणाची त्रिज्या सुमारे ४० मायक्रॉन असते असे धरू. दोन्ही पंप जागेवर राहून एकटा स्टोक्स २० मायक्रॉन सरकला तर सिग्नल ७२ टक्क्यांवर येतो, ३५ मायक्रॉन सरकला तर ३६ टक्क्यांवर आणि ४० मायक्रॉन सरकला तर जेमतेम २६ टक्क्यांवर. ३०० मिलिमीटरच्या लेन्सच्या नाभीवर ४० मायक्रॉन सरकण्यासाठी किरणाची दिशा ०.१३ मिलिरेडियनने बदलणे पुरेसे असते. आरशाच्या धारकाच्या स्क्रूचा आटा पाव मिलिमीटरचा आणि भुजा ५० मिलिमीटरची असेल, तर हा बदल म्हणजे स्क्रूचे पाच अंशांहूनही कमी फिरणे. बोटाने स्क्रूला नुसता स्पर्श केला, तरी एवढे होऊ शकते.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली की पुढील काम निम्मे हलके होते. लेन्सवर पडणाऱ्या किरणाची दिशा बदलली तर नाभीवरील त्याची जागा बदलते. याउलट, किरण दिशा न बदलता नुसता बाजूला सरकला तर नाभीवरील जागा तीच राहते आणि छेदनाचा कोन बदलतो. पहिल्या बदलाने किरण एकमेकांना चुकतात, दुसऱ्याने कला-जुळणी, म्हणजे लहरी एकमेकींशी ताल राखून सिग्नल वाढवत नेतात ती अट, बिघडते. म्हणून या दोन दोषांची तपासणी वेगवेगळ्या ठिकाणी करावी लागते.

दुसऱ्याची तपासणी सोपी आहे, तेव्हा ती आधी उरकावी. लेन्सच्या पुढ्यात बसवता येईल असा एक काळा पत्रा करून घ्यावा आणि त्याला भोके पाडावीत. केंद्रापासून स्टोक्ससाठी ८ मिलिमीटर खाली, तर पंपसाठी डावीकडे आणि उजवीकडे प्रत्येकी ७.१ मिलिमीटर. हवेतील वर्णविक्षेपण (तरंगलांबीनुसार अपवर्तनांक बदलणे) दुर्लक्षून केलेले कला-जुळणीचे गणित हीच अंतरे देते. समान नाभीय अंतराच्या दुसऱ्या लेन्सनंतर सिग्नल केंद्रापासून ६.२ मिलिमीटरवर येतो, मात्र तो खालच्या बाजूस. नवीन विद्यार्थी येथे हमखास गोंधळतात. स्टोक्स लेन्सच्या खालच्या भागातून शिरतो, छेदनबिंदू ओलांडल्यावर वर जातो आणि सिग्नल त्याच्या विरुद्ध, म्हणजे खाली उतरतो. अनेकांनी सिग्नल तासन्‌तास वरच्या बाजूस शोधलेला मी पाहिला आहे. तिन्ही किरण आपापल्या भोकाच्या मध्यातून जात असतील, तर कोन ठीक आहेत.

पहिल्या दोषासाठी लेन्स आणि नाभी यांच्यामध्ये, किरण अजून रुंद असतानाच, काचेचा पाचरीसारखा तुकडा तिरपा बसवून सुमारे ४ टक्के प्रकाश बाजूला काढावा. नाभीइतक्याच अंतरावर, पुरेसे तटस्थ (सर्व रंग सारखेच मंद करणारे) फिल्टर लावून, लेन्स काढलेला कॅमेरा ठेवावा. त्याच्या पडद्यावर तिन्ही किरणांचे ठिपके एकाच जागी दिसले पाहिजेत. एकेक किरण अडवून प्रत्येक ठिपक्याचा मध्यबिंदू नोंदवून ठेवला, की दुपारी नेमके कोण सरकले हे कोणताही स्क्रू न फिरवता कळते. ऊर्जा कमी करायची झाल्यास ती फ्लॅशलॅम्पचा व्होल्टेज उतरवून कधीही करू नये, कारण त्याने लेझरच्या दांड्यातील उष्णताजन्य भिंगपरिणाम बदलतो, त्याबरोबर किरणाची दिशा आणि वेळही बदलते आणि आपण मोजत असलेली मांडणी मुळी कामाची मांडणी राहतच नाही. अर्धतरंग पट्टी आणि ध्रुवक वापरून ऊर्जा कमी करावी.

आमच्या प्रयोगशाळेतील प्रकरण याच मार्गाने सुटले, म्हणून ते थोडे विस्ताराने सांगतो. तीन आठवडे दररोज दुपारी सिग्नल पडत होता आणि दररोज कोणीतरी स्टोक्सचा शेवटचा आरसा फिरवून तो परत आणत होते. आम्ही आधी काळा पत्रा लावून सर्व किरण मूळ जागी आणले, कॅमेरा बसवला आणि ठरवले की संध्याकाळपर्यंत कोणीही काहीही फिरवायचे नाही, दर पंधरा मिनिटांनी फक्त ठिपक्यांच्या जागा लिहायच्या. अकरा वाजता तिन्ही ठिपके एकावर एक होते. अडीच वाजता दोन्ही पंप ३५ मायक्रॉन वर चढले होते आणि स्टोक्स जवळजवळ जागेवरच होता. रोज ज्याचा आरसा फिरवला जात होता तो किरण निर्दोष निघाला. निसटून गेलेल्या पंपांच्या मागे त्या बिचाऱ्याला दररोज ओढले जात होते.

दोन्ही पंप एकाच दिशेने आणि सारखेच सरकले होते, म्हणून दोष हिरवा किरण दोन पंपांत विभागणाऱ्या विभाजकाच्या आधीच्या भागात होता हे उघड होते. मात्र या अनुमानाला एक अपवाद लक्षात ठेवावा. सपाट मांडणीत प्रत्येक परावर्तनाबरोबर किरणाच्या कलण्याची आडवी दिशा उलटते, उभी उलटत नाही. दोन पंपांच्या मार्गांतील आरशांच्या संख्येत एकाचा फरक असेल, तर समाईक दोषानेही ते आडव्या दिशेने एकमेकांपासून दूर जातात आणि पाहणाऱ्याला वाटते की दोन स्वतंत्र दोष आहेत. आमची हालचाल उभी होती, त्यामुळे हा प्रश्न आला नाही. विभाजकाच्या आधी संशयाच्या दोनच जागा होत्या. दुप्पट वारंवारता करणारा केडीपी (पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट) जातीचा स्फटिक तापमानाला अतिशय संवेदनशील असतो, परंतु तो बिघडला असता तर दिशेबरोबर हिरव्या प्रकाशाची ऊर्जाही घटली असती आणि ऊर्जा तर स्थिर होती. दुसरी जागा म्हणजे लेझरच्या तोंडाशी असलेला पहिला आरसा. त्याच्या डोक्यावर पाहिले तेव्हा उलगडा झाला. जेवणानंतर खोलीत माणसे वाढली की दुसरे वातानुकूलन यंत्र सुरू केले जात असे आणि त्याच्या थंड हवेचा झोत नेमका त्या आरशाच्या ॲल्युमिनियमच्या धारकावर पडत असे. ॲल्युमिनियम एका अंशाला दर मीटरमागे २३ मायक्रॉन प्रसरण पावते. धारकाची एक बाजू दुसरीपेक्षा थंड झाली की आरसा कलणारच. खात्री करण्यासाठी एका दुपारी खोक्याचा पुठ्ठा त्या झोतासमोर चिकटपट्टीने लावला आणि ठिपका पाच मायक्रॉनांच्या आत राहिला. पुढे त्या आरशाभोवती ॲक्रिलिकची पेटी केली आणि किरणमार्गावर नळ्या बसवल्या. तो पुठ्ठा मात्र अजून तेथेच आहे.

प्रत्येक ठिकाणी वातानुकूलनच दोषी असेल असे मुळीच नाही. सोमवारी सकाळी सिग्नल पडलेला असेल आणि दुपारपर्यंत आपोआप सुधारत असेल, तर शनिवारी जाताना कोणी मुख्य स्विच बंद केला होता का हे विचारावे. केडीपी स्फटिक ओलावा शोषून घेणारा असल्यामुळे त्याचा हीटर सुटीतही चालू ठेवावा लागतो आणि पावसाळ्यात तर त्याबाबत तडजोड नको. एकदा थंड झालेला स्फटिक पुन्हा स्थिर व्हायला बराच वेळ घेतो. दोन पंप स्थिर आहेत आणि एकटा स्टोक्सच पहिल्या तासात सरकतो आहे असे कॅमेऱ्यावर दिसले, तर डाय लेझरच्या द्रावणाचे तापमान पाहावे. मिथेनॉलचा अपवर्तनांक एका अंशाला सुमारे ०.०००४ ने घटतो. ही संवेदनशीलता क्वार्ट्‌झ काचेच्या कित्येक पट अधिक असल्यामुळे नळीतील द्रावण एका बाजूने कोमट असले तरी किरण वाकतो. यावर उपाय म्हणजे द्रावणाचा पंप आणि शीतक तासभर आधी सुरू करणे.

छेदनबिंदू अगदीच हरवला असेल, म्हणजे कोणताही सिग्नल उरला नसेल, तर हवेत चाचपडत बसण्यापेक्षा ऊर्जा शंभरपटीहून अधिक कमी करून नाभीवर सूक्ष्मदर्शकासाठी वापरतात ती पातळ काचपट्टी ठेवावी. काचेतील अनुनादरहित, म्हणजे रेणूंच्या ठरावीक कंपनाशी निगडित नसलेला, सिग्नल हवेपेक्षा पुष्कळ मोठा असतो, त्यामुळे किरण जेमतेम जुळलेले असले तरी तो दिसतो. ऊर्जा कमी करायला विसरल्यास काचेवर लगेच डाग पडतो. असा डाग दिसला की पट्टी थोडी सरकवावी, पण त्याआधी आपण कोठे चुकलो ते शोधावे. काचेत सिग्नल मिळाल्यावर पट्टी काढून ऊर्जा हळूहळू वाढवावी आणि नाभीवर चटचट आवाज येऊ लागला तर थांबावे, कारण तेथे हवेचे विद्युत विघटन होऊ लागलेले असते.

सिग्नल परत आला, तरी तापमान बरोबर येईलच असे नाही. खोलीतील हवेच्या वर्णपटाशी गणिताने काढलेला वर्णपट जुळवून मिळालेले तापमान थर्मामीटरपेक्षा ३०-४० केल्विनने वेगळे येत असेल, तर बहुधा संदर्भ वर्णपट जुना असतो. रुंद पट्ट्याच्या कार्समध्ये नायट्रोजनचा वर्णपट आर्गॉनमध्ये घेतलेल्या वर्णपटाने भागावा लागतो. आर्गॉन एकाणू असल्यामुळे त्याला कंपन नसते आणि त्यातून मिळणारा आकार हा केवळ स्टोक्स लेझरचा आकार असतो. डाय जसजसा जुना होतो तसतसा त्याचा मध्य सरकतो आणि महिन्यापूर्वीच्या आर्गॉनच्या वर्णपटाने भागल्यास नायट्रोजनची रेषा एका बाजूला झुकते. ज्योतीत हा झुकाव अधिक घातक ठरतो, कारण सुमारे १००० केल्विनच्या वर २३०१ प्रति सेंटिमीटरवर जो दुसरा शिखरभाग दिसू लागतो त्याच्या उंचीवरूनच तापमान काढायचे असते. अलाइनमेंटमध्ये काहीही बदल केला तर त्याच दिवशी आर्गॉनचा वर्णपट पुन्हा घ्यावा.

ज्यांच्याकडे एकाच वारंवारतेचे चतुर्तरंग मिश्रण, म्हणजे तिन्ही किरण आणि सिग्नल एकाच तरंगलांबीचे असलेली पद्धत, आहे, उदाहरणार्थ ३०८ नॅनोमीटरच्या आसपास हायड्रॉक्सिल मूलकाचे मापन, त्यांना वरीलपैकी फिल्टरचा उपाय लागू पडत नाही, कारण सिग्नल आणि विखुरलेला प्रकाश यांची तरंगलांबी एकच असते. तेथे तीन किरण एकेक करून अडवण्याची चाचणी करावी. कोणताही एक किरण अडवल्यावर जे नाहीसे होते तेच सिग्नल आणि जे उरते तो विखुरलेला प्रकाश. नाभीवरील कॅमेरा आणि लेन्सपुढचा पत्रा तेथेही तितकेच उपयोगी पडतात, फक्त सर्व तरंगलांबी सारख्याच असल्यामुळे पत्र्यावरील तिन्ही अंतरे आणि चौथ्या किरणाचे अंतर समान ठेवावे लागते.